तुझं पाव्हणं आलं बघ

‘काकू, माझं माहेर डोंबिवली. पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन करवीर तालुक्यातल्या एका गावात आले. लग्न आमच्या पसंतीचं, जात वेगळी. सासरी आधी नकार होता, मग त्यांनीच दारात मांडव घालून लग्न लावून दिलं. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहे, मी घरी बसून एका कंपनीचे हिशेब बघते. मुलगा तीन वर्षांचा. सासूबाईंचा मला जाच नाही. पण माझ्या आईबाबांना त्या पहिल्या दिवसापासून “पाव्हणं” म्हणतात. “तुझं पाव्हणं आलं बघ.” “पाव्हण्यास्नी च्या टाक.” आणि “आलं” काय, जसं कुत्रं आलं, मांजर आलं! गेल्या वर्षी आई गेली. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत, एकटेच असतात. दिवाळीला इथं आले होते. चहा पिऊन आपला कप विसळायला मोरीकडे निघाले, तर सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला. म्हणाल्या, “पाव्हण्यांनी भांडी विसळायची व्हय?” बाबा परत खुर्चीत येऊन बसले. चौथ्या दिवशी गेले. स्टेशनवर मला म्हणाले, पाहुण्यानं फार दिवस राहू नये. मला त्यांना निदान पावसाळाभर इथं आणायचंय. नवरा म्हणतो, आईला विचार. माझं धाडस होत नाही. पाच वर्षांनीही माझा बाप पाहुणाच असेल, तर मी या घरची कोण?’

पोरी, आधी त्या ‘आलं’चं बघू. निम्मं दुखणं तिथंच आहे असं मला वाटतं.

तुझ्या सासूबाई स्वतःच्या नवऱ्याबद्दल कसं बोलतात ते उद्या कान देऊन ऐक. ‘आमचं मालक आलं’ असंच म्हणत असतील. शाळेचे गुरुजी दारात आले की ‘गुर्जी आलं’, डॉक्टर आले की ‘डाक्टर आलं’. तुम्ही शहरात जिथं शब्दाच्या शेवटी ‘ए’ म्हणता, तिथं आमच्याकडं तोंड ‘अ’वरच थांबतं. ‘पाहुणे आले’ हे ‘पाव्हणं आलं’ असं बाहेर पडतं. तुझ्या कानाला ते नपुंसकलिंगी एकवचन वाटलं, कारण तुझा कान तसा घडलाय. इकडच्या बोलीत ते आदराचं अनेकवचन आहे. सासूबाई ‘तुझा पाव्हणा आला’ म्हणाल्या असत्या तर मीसुद्धा तुझ्या बरोबरीनं रागावले असते. ‘आलं’ म्हणून त्यांनी तुझ्या वडिलांना गुरुजींच्या आणि स्वतःच्या मालकांच्या ओळीत बसवलंय.

आता मूळ शब्द. संस्कृतातला प्राघुण, प्राकृतात पाहुण, आणि आपला पाहुणा. घरी आलेला आणि परत जाणारा माणूस, एवढाच अर्थ. शहरात तेवढाच उरला. ‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण त्या पाहुण्याची आहे, आणि स्टेशनवर तुझे वडील जे बोलले ते ह्याच म्हणीच्या वळणाचं. कोल्हापुरात मात्र हा शब्द कधीच दाराबाहेर निघून नात्यात शिरलाय. लग्नानं जोडलेली सगळी माणसं पाव्हणं. ती येवोत न येवोत. दहा वर्षांत ज्यांचा पाय उंबऱ्याला लागला नाही त्यांच्याबद्दलही आम्ही म्हणतो, ‘गडहिंग्लजला आमचं पाव्हणं हाईत.’ जो आलाच नाही तो पाहुणा कसा, असा प्रश्न इथं कुणाला पडत नाही.

क्रियापदाकडे लक्ष दे. शहरातला पाहुणा येतो. आमचं पाव्हणं ‘लागतं’. ‘ते तुमचं कोण?’ ‘पाव्हणं लागत्यात की.’ मामा लागतो, आत्या लागते, तसंच. माणूस यायला आणि जायला बस लागते, नातं लागायला लग्न लागतं. एकदा लागलं की ते सुट्टी संपली म्हणून सुटत नाही.

ही काही कोल्हापूरची एकट्याची तऱ्हा नव्हे. आमच्या शेजारच्या कानडीत ‘नेंटरु’ म्हणजे नातेवाईक आणि घरी आलेले पाहुणेही. तिकडं लांब मिथिलेत जावयाला ‘पाहुन’ म्हणतात, आणि सीतेचं माहेर म्हणून तिथली माणसं रामालाही पाहुनच म्हणतात. त्या लोकांना राम परका वाटतो असं कुणी म्हणेल का?

परवाचंच सांगते. रंकाळा स्टँडजवळून वडापात बसले. तुला वडाप माहीत झालं असेलच आता, भरल्याशिवाय न सुटणारी जीप. ड्रायव्हरनं मागं बघून एका पोराला सांगितलं, ‘पाव्हणं, वाईच आत सरका.’ पोरगं विशीतलं, पाठीवर सॅक. ते सरकलं. शेजारच्या फेटेवाल्या आजोबांनी लगेच विचारलं, ‘कुठलं म्हणायचं पाव्हणं?’ पोरगं म्हणालं, वैभववाडी. आजोबांनी डोळे बारीक केले. ‘घाटाखालचं व्हय. आमच्या चुलत्याची लेक वैभववाडीला दिलीया.’ मग तिच्या सासरचं आडनाव निघालं, पोरानं ते ओळखलं, त्यांच्या आळीतलंच घर होतं. आजोबा मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘म्हंजी पाव्हणंच की वो तुमी!’ आणि कळे येईपर्यंत पोराच्या हातावर शेंगदाणे आणि गूळ पडत राहिला. अनोळखी माणसाला आम्ही पाव्हणं म्हणतो ते ह्यासाठी. कुठून तरी, कुणाच्या तरी लेकीवरून, तो आमचा लागत असणार असं आम्ही आधीच धरून चालतो आणि मग धागा शोधतो.

आता ह्या शब्दाचा जोडीदार बघ, त्याशिवाय तो पुरता कळायचा नाही. तो म्हणजे भावकी. एका मूळपुरुषाची माणसं, एक आडनाव, बहुतेकदा एकच गल्ली, ती भावकी. भावकीत माणूस जन्मतो. पाव्हणं जोडावं लागतं. पुस्तकी मराठीत सगे आणि सोयरे म्हणतात ते साधारण हेच. कोण सगं आणि कोण सोयरं हे गावातली म्हातारी बोटांवर मोजून सांगते, पण २०२४ च्या जानेवारीत राज्य सरकारला जातीच्या दाखल्यांच्या मसुद्यात ‘सगेसोयरे’ म्हणजे कोण ह्याची व्याख्या लिहावी लागली आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. इतकं ह्या शब्दांत अडकलेलं असतं. तेव्हा तुला एका ‘पाव्हणं’वरून झोप लागली नाही ह्यात मला नवल वाटत नाही.

गावाकडच्या लग्नात पंगती बघितल्यास ना? आधी पाव्हणं जेवतं. वाढायला, पाणी द्यायला, पत्रावळी उचलायला भावकी. यजमानाचे सख्खे चुलतभाऊ दुपारी चारला, उरलंसुरलं घेऊन, उभ्या उभ्या जेवतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. काम भावकीचं, मान पाव्हण्यांचा. तुझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ घरी आला तर त्याला कुणी बशीतून चहा देत नसेल. तो थेट आत येऊन पातेल्यातला ओतून घेत असेल आणि कप स्वतः विसळत असेल. तुझ्या वडिलांच्या हातातला कप सासूबाईंनी काढून घेतला तो ह्या रीतीनं. व्याह्यानं आपल्या मोरीत कप विसळला हे भावकीतल्या कुणी बघितलं असतं, तर बोल तुझ्या वडिलांना नसता लागला, सासूबाईंना लागला असता.

दुःखातसुद्धा हीच वाटणी. घरात कुणी गेलं की भावकीला दहा दिवसांचं सुतक. त्या घरची चूल पेटत नाही. तेव्हा पाव्हण्यांच्या घरातून भाकरीच्या बुट्ट्या येतात, पिठलं येतं, जेवा म्हणून आग्रह पाव्हणंच करतं. बाळाचं जावळ काढायचं तर ते मामाच्या मांडीवर, म्हणजे पाव्हण्यांच्याच. भावकीत वाटणी पेटली, बांध कोरण्यावरून काठ्या निघाल्या, की ‘चार पाव्हणं बसवा’ म्हणतात, कारण भाऊ भावाचं ऐकत नाही, पण मेहुण्यापुढं आणि व्याह्यापुढं आवाज खाली येतो. ‘भाऊबंद’वरून भाऊबंदकी हा शब्द झाला आणि त्याचा अर्थ नुसता भांडण एवढाच उरला, हे तुला ठाऊकच असेल. कोल्हापूरच्या गादीची हद्दसुद्धा अशा वाटणीतून ठरली. साताऱ्याचे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे छत्रपती संभाजी हे चुलतभाऊ. कैक वर्षं झगडले, आणि १७३१ साली वारणेचा तह झाला तेव्हा कुठं नदीच्या उत्तरेचं साताऱ्याला, दक्षिणेचं कोल्हापूरला असं मिटलं. पाव्हण्यांवरून असला एकही शब्द मराठीत तयार झाला नाही. ‘पाहुणचार’ झाला.

म्हणून ‘मी या घरची कोण’ ह्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे. तुला पाच वर्षांत कुणी पाव्हणी म्हटलं? ‘पाव्हण्यास्नी च्या टाक’ असं तुला सांगतात. चहा टाकणारी घरची असते. तू भावकीत गेलीस आणि तुझ्यामुळे तुझे आईवडील पाव्हणं झाले. ती दोन्ही नावं तुझ्या एका लग्नानं एकाच दिवशी पडली.

तुझ्या मनात आणखी एक शंका असणार, तू जातीचा उल्लेख उगाच केला नाहीस. लग्न पसंतीचं, जात वेगळी, म्हणून बाजूला ठेवायला ‘पाव्हणं’ म्हणतात का? अगदी उलटं आहे गं. इथं ज्यांना नातं मान्य नसतं ते हा शब्द तोंडातून काढत नाहीत. माझ्या माहितीतल्या एका घरात अकरा वर्षांपूर्वी असंच लग्न झालं. सासरे आजतागायत सुनेच्या आईवडिलांना ‘तिच्या घरची माणसं’ म्हणतात. फोन आला तर ‘तिच्या घरनं हाय.’ त्या पोरीनं माझ्यापाशी रडून सांगितलं होतं, काकू, एकदा तरी पाव्हणं म्हटले असते. तुला जो शब्द टोचतो, त्याच्यासाठी ती अकरा वर्षं थांबलीय. तुझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तो देऊन टाकला.

ह्या मातीला ते नवं नाही म्हणा. राजर्षी शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाला आपल्या संस्थानात कायद्यानं मान्यता दिली, मराठा आणि धनगर घरांत सोयरिकी व्हाव्यात म्हणून खटपट केली. १९२२ साली ते गेले. १९२४ साली कागलकर घाटग्यांची, म्हणजे मराठ्यांची, लेक इंदूरच्या धनगर होळकरांकडं सून म्हणून गेली. कागल आणि इंदूर एकमेकांचं पाव्हणं झालं.

इथवर मी सासूबाईंच्या बाजूनं बोलले. आता तुझ्या बाजूनं बोलते, कारण तुझं दुखणं नुसतं ऐकण्याच्या घोटाळ्यातून आलेलं नाही.

पाव्हण्याचा मान हा चार दिवसांच्या मापाचा शिवलेला असतो. चार दिवस खुर्ची, चार दिवस ताटाखाली पाट, जाताना टॉवेल-टोपी-नारळ. पाचव्या दिवसापासून तोच मान माणसाला आवळायला लागतो. ज्याला कुठल्याच कामाला हात लावू देत नाहीत तो किती दिवस बसून राहील? त्यातून बाप लेकीकडे आलेला. जुनी माणसं, नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. नातवंड झालं तरी तो संकोच हाडात मुरलेलाच राहिला. तुझे वडील डोंबिवलीत वाढले म्हणून त्यांच्यात तो नसेल असं समजू नकोस.

आणि तुझ्या आईचं. तू लिहिलं नाहीस, पण रीतीनं चालणारं घर असेल तर आई गेली तेव्हा तुला तीन दिवसांचं सुतक सांगितलं असेल. उद्या नवऱ्याचे चुलते गेले, ज्यांच्याशी तू चार वाक्यंही बोलली नसशील, तर दहा दिवस. लग्न झालेल्या लेकीला आईचे तीन दिवस. माझी आई गेली तेव्हा मी चौथ्या दिवशी न्हाऊन सासरी कणीक मळायला बसले होते, आणि त्या दिवशीच ठरवलं की हा हिशेब मला मान्य नाही. तुला तो मान्य करायची गरज नाही. ह्या शब्दाची तीच एक बाजू मला सलते. सोयऱ्यासाठी तो सोन्यासारखा आहे, पण पोटच्या लेकीला ‘ती काय, पाव्हणी’ म्हटलं की सगळं फिरतं. भाऊ ओवाळून घेतात, साडी नेसवतात आणि त्याच आठवड्यात हक्कसोडपत्रावर सही करायला नेतात. २००५ पासून वडिलार्जित मालमत्तेत लेकीचा वाटा लेकाइतकाच आहे. ती तिथं पाव्हणी नाही. तुझ्यावर ती वेळ आली तर हे ध्यानात ठेव.

तसंच वडिलांचं. लग्न झालं म्हणून लेकीचं आईबापाप्रती असलेलं कर्तव्य संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ सालीच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सांगितलंय. ऐपत असेल तर विवाहित मुलीवरही आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही ‘अपत्य’ म्हणताना मुलगा आणि मुलगी दोघंही आहेत, लग्नाची अट घातलेली नाही. हे सासूबाईंना ऐकवायला सांगत नाही. कायदा स्वयंपाकघरात नेला की दूध नासतं. तुझ्यासाठी सांगते. तू मेहेरबानी मागायला चालली नाहीस एवढं तुला माहीत असावं म्हणून. आणि नवऱ्याला माहीत असावं म्हणून.

नवऱ्याचं थोडं स्पष्ट बोलते. ‘आईला विचार’ हे त्याचं म्हणणं मला पटलेलं नाही. आई त्याची आहे. जे त्यानं मांडायचं ते तुझ्या तोंडून मांडलं गेलं तर सासूबाईंना ते सुनेचं मागणं वाटेल, आणि नाही म्हणणं सोपं जाईल. पहिलं वाक्य त्यानं बोलायचं. रात्री जेवताना, सगळे असताना, सरळ: ‘आई, सासरं तिकडं एकटंच असत्यात. पावसाळाभर हिकडंच आणूया म्हणतोय.’ एवढंच. त्याला हे जमत नसेल तर तुम्ही दोघं आधी त्याबद्दल बोला, वडिलांचं नंतर.

त्यानं विषय काढला की मग तू बोल, आणि सासूबाईंच्याच शब्दात बोल. त्या ‘तुझं पाव्हणं’ म्हणतात. खरं बघायला गेलं तर तुझे वडील तुझे पाव्हणं नाहीतच, ते तुझे बाबा. पाव्हणं ते सासूबाईंचे आहेत. त्यांचे व्याही. तेव्हा म्हण, ‘आत्ती, तुमचं पाव्हणं तिकडं एकटंच भात टाकून खात्यात.’ ‘तुमचं’वर जोर दे, रागानं नाही, मायेनं. कोल्हापूरच्या बाईला आपलं पाव्हणं उपाशी आहे हे ऐकवत नाही. तू सासूबाईंना काय म्हणतेस ते लिहिलं नाहीस, आत्ती म्हणत नसशील तर जे म्हणत असशील ते म्हण.

आणि हो, ‘पाव्हण्यांनी पाव्हण्यासारखं यावं’ असं काही उत्तर आलं, तर तो वेगळा सूर आहे. तिथं हा शब्द दार लावायला वापरला गेला असं समज आणि मला परत लिही. पण कप हातातून काढून घेणारी बाई असं म्हणेल असं मला वाटत नाही.

खरं अवघड काम त्याच्या पुढचं आहे. तुझ्या वडिलांना त्या खुर्चीतून उठवायचं.

माझी आई गेल्यावर माझे वडील माझ्याकडे आले होते, तीसेक वर्षं झाली. भुदरगडाकडचे शेतकरी. त्यांना ‘पाव्हणं’चा अर्थ कुणी शिकवायची गरज नव्हती, जन्मभर तोच शब्द बोलले होते. तरी आमच्या सोप्यातल्या पलंगाच्या अगदी काठावर बसायचे. पाय वर घ्यायचे नाहीत. टॉवेलची घडी गुडघ्यावर. वहाणा दारात, तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवलेल्या. आणि पिशवी खुंटीला तशीच. रोज त्यातून एक सदरा काढायचे, संध्याकाळी घडी घालून परत त्यातच ठेवायचे. मी रोज ती पिशवी बघायचे आणि काही बोलायची नाही. आठ दिवस झाले. मे महिना होता, पेरणीच्या बियाणासाठी शेंगा फोडायचं काम घरात चाललं होतं. सासूबाई एक सूप भरून शेंगा घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढं ठेवून म्हणाल्या, ‘पाव्हणं, बसून बसून अंग आखडलं असंल. ह्या वाईच फोडा बगू. बी फुटू देऊ नगा.’ मी आतून ऐकत होते, माझा जीव वर-खाली झाला. वडिलांनी एक शेंग उचलली, अंगठ्यानं दाबून बघितली. मग पाय वर घेऊन मांडी घातली. दुपारपर्यंत दोन सुपं झाली. सासूबाईंना सांगत होते, ह्या वाणाचं टरफल जाड, बी बारीक, पुढल्या खेपंला माझ्याकडनं बी न्या. संध्याकाळी पिशवी खुंटीवर नव्हती. फळीवर त्यांचे तीन सदरे एकावर एक ठेवलेले होते. पुढं ते पाच महिने राहिले. शेवटपर्यंत सासूबाई त्यांना पाव्हणंच म्हणाल्या.

तुझ्या वडिलांना शेतातलं येत नसेल, पण रेल्वेच्या माणसाला वेळ कळते. नातवाला अंगणवाडीत सोडायचं आणि आणायचं काम त्यांना दे, तेही सासूबाईंच्या तोंडून यायला हवं, ही व्यवस्था तू आधी करून ठेव. सकाळचं दूध डेअरीत घालायला जात असेल कुणी, तर चार दिवस ते बरोबर जाऊ देत, पाचव्या दिवशी कॅन त्यांच्या हातात असेल. गावातली माणसं ‘कुठलं म्हणायचं पाव्हणं?’ विचारतील तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेव की ह्याला चौकशी समजू नका, ह्याला उत्तर द्यायचं, सविस्तर. कोकणातलं मूळ गाव असेल तर तेही सांगायचं. कुणाची तरी लेक तिकडं दिलेली निघेलच.

आणि पावसाळ्याचं म्हणशील तर तो इथं नव्या माणसाला माणसांत आणायला फार चांगला. जुलै लागला की कट्ट्यावर एकच विचारणा असते, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? ३९ ला इशारा पातळी, ४३ ला धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितल्यापासून तर म्हातारी माणसं तासातासाला विचारतात. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा सांभाळलेल्या माणसाच्या हातात एक वही दे आणि सकाळ-संध्याकाळची पाणीपातळी लिहायला सांग. आठ दिवसांत लोक त्यांना दारात येऊन विचारतील.

पैशाचं थोडक्यात. त्यांना पेन्शन असणार आणि फुकट राहणं त्यांना जड जाणार. सासूबाईंच्या हातात पैसे ठेवू देऊ नकोस, अपमान होईल. नातवाचा काही खर्च त्यांनी उचलावा, तेवढं पुरे.

मृग निघायच्या आधी बोलाव, म्हणजे पाऊस जोर धरायच्या आत त्यांचा जम बसेल. महालक्ष्मी एक्स्प्रेस कल्याणला थांबते, रात्री बसले की सकाळी कोल्हापूर. स्टेशनवर घ्यायला नवऱ्याला पाठव, तू जाऊ नकोस. जावई न्यायला आला ह्याला अर्थ आहे, आणि तो अर्थ इथल्या स्टेशनवरच्या रिक्षावाल्यालाही कळतो. तू घरी थांब. सासूबाई दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतील, पायावर पाणी घालतील, ‘या पाव्हणं’ म्हणतील. म्हणू देत. चहा होऊ दे. मग ते अंघोळीला गेले की त्यांची बॅग तू स्वतः उघड, कपडे काढ, आणि तुझ्या नवऱ्याच्या कपाटात एक कप्पा मोकळा करून तिथं ठेव. रिकामी बॅग माळ्यावर टाक, हाताला सहज लागणार नाही अशी.